तोफकाकांची अठ्ठ्याऐंशी

तोफकाकांनी आयुष्यात लवंगी फटाकासुद्धा उडवला नव्हता. एकतीस डिसेंबरला सगळी दुबई माना वर करून आतषबाजी बघत असायची, तेव्हा हा गृहस्थ करामातल्या आपल्या फ्लॅटमध्ये कानांत कापसाचे बोळे घालून, बाथरूमचं दार आतून लावून बसलेला असायचा. "संपलं हो, या आता बाहेर," असं काकूंनी दोनदा सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि याच माणसाला दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन तोफांबद्दल विचारा! विचारू नका म्हणतो मी. न विचारताच तो दोन तास बोलायचा. त्यांचं आडनाव बिवलकर आहे हे आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. पोरं 'तोफकाका' म्हणायची, पोरांचं ऐकून आम्हीही म्हणायला लागलो, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

आमची ओळख गाडीतली. आम्ही दोघेही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात. ते टूलरूमचे प्रमुख, मी प्लॅनिंगमध्ये. रोज सकाळी करामातून त्यांच्या पांढऱ्या जुन्या गाडीने निघायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचं, असं बारा वर्षं चाललं. ते मूळचे मिरजेचे. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करताना रद्दीत जर्मन तोफेची आतली रचना दाखवणारं एक चित्र हाती लागलं आणि तिथून हे वेड जडलं, असं ते सांगायचे. शेख झायेद रोडवर वाहतूक तुंबली की इतर लोक शिव्या देतात. काकांचा चेहरा खुलायचा. "आज आपला स्वीडनचा भाग पूर्ण होणार बघ," असं म्हणून ते गियर न्यूट्रलवर टाकायचे.

स्वीडनचा भाग म्हणजे असा. पहिल्या महायुद्धानंतर तहाने जर्मनीवर बंधनं आली, तोफा बनवायची सोय राहिली नाही. मग त्यांचे काही इंजिनिअर स्वीडनला जाऊन बसले, तिथल्या ड्रॉइंगबोर्डांवर काम केलं आणि परत आले ते एका विमानविरोधी तोफेचा आराखडा डोक्यात घेऊन. तीच ती अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरची तोफ. काका तिला नुसतं 'अठ्ठ्याऐंशी' म्हणायचे, आणि तेही एखाद्या हुशार पुतणीबद्दल बोलावं तसं. "अरे, गोळा सुटला की धक्क्याने नळी मागे येते. परत पुढे जाताना मागचं दार आपोआप उघडतं, रिकामं काडतूस बाहेर. माणसाने फक्त पुढचा गोळा द्यायचा! मिनिटाला पंधरा, कधी वीस. आपल्या फॅक्टरीतलं प्रेस बघ, एक सायकल मारायला किती नखरे करतं."

जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या दृष्टीने तोफेचीच लांबची नातेवाईक होती. कुकरची शिट्टी नीट होत नसली की ते काकूंना नळीतल्या दाबाबद्दल सांगायला बसायचे. काकू मिरजेच्याच, जिभेला धार असलेल्या. "आमच्याकडे सवत आहे हो," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "आणि तिला दर शुक्रवारी तेलपाणी लागतं." कुणी पाणबुडीवरची अठ्ठ्याऐंशी आणि जमिनीवरची अठ्ठ्याऐंशी एकच समजला, तर मात्र काकांचं डोकं फिरायचं. दोन्ही तोफा वेगळ्या, एकीचा गोळा दुसरीला चालत नाही. "मापाचा आकडा एक म्हणून तोफ एक? उद्या म्हणशील, आडनाव एक म्हणून बायको एक!" हे ते आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना भर कोजागरीच्या कार्यक्रमात म्हणाले होते.

आरमारी तोफांचा विषय ते ऑगस्टसाठी राखून ठेवायचे. ऑगस्टमध्ये दुबईची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. काका तो चष्मा पुसत म्हणायचे, "या वाफेनेच जर्मनांचा घात केला रे." मोठ्या युद्धनौकांवर त्यांनी विमानविरोधी तोफांच्या अशा बैठका बसवल्या होत्या की बोट लाटांवर कितीही डोलली तरी तोफ आकाशात एका जागी रोखलेली. तिन्ही दिशांचा डोल मोजायचा आणि तोफेने तो आपोआप सावरायचा. "केवढी कल्पना! आणि केली काय चूक? विजेच्या मोटारींना पाण्यापासून नीट झाकलंच नाही. खाऱ्या तुषारांनी बंद पडायच्या. सील, बाबा, सील! जग सीलवर चालतं." मग कारखान्यात शिरताच ते पहिल्यांदा सिलिंडरची सीलं तपासायचे. आमच्याकडे गळतीची तक्रार फारशी यायची नाही, त्याचं श्रेय बुडालेल्या जर्मन आरमाराला द्यायला हवं.

पण त्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा वेगळाच होता. "तोफेवरच्या माणसाला विमान दिसायची गरजच नाही!" हे वाक्य म्हणताना ते स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा. विमान कुठे आहे, किती वेगाने चाललंय, गोळा वर पोहोचेपर्यंत कुठे असेल, हा हिशेब लांब ठेवलेलं एक यंत्र करणार. ते उत्तर तारेतून तोफेपर्यंत येणार आणि तबकडीवरचा एक काटा हलणार. तोफेच्या उजव्या अंगाला दोन बैठका. एकीवरचा तोफेचं तोंड वर-खाली करणार, दुसरीवरचा ती डावी-उजवीकडे फिरवणार. दोघांनी हातातलं चाक फिरवून आपला काटा त्या काट्यावर आणायचा. "काट्यावर काटा, बस! डोकं लावायचं नाही, वर बघायचं नाही. माणसाची चूकच काढून टाकली त्यांनी."

युद्धाबद्दल मात्र ते बोलायचे नाहीत. एकदा माझी मुलगी सई त्यांच्या घरी शाळेचं प्रोजेक्ट घेऊन गेली होती. इथे वाढलेली पोर. मराठीत प्रश्न विचारा, इंग्रजीत उत्तर. तिने विचारलं, "बट काका, दे वेअर द बॅड गाईज, राइट?" काका जरा चिडले. "तो मिशीवाला नालायक होता, त्याबद्दल वादच नाही. पण नट-बोल्टचा काय गुन्हा? मी युद्धाचं वाचत नाही, यंत्राचं वाचतो." हे खरंही होतं. त्यांच्या कपाटातल्या जाडजूड पुस्तकांत आकृत्यांच्या पानांवर तेलकट बोटांचे ठसे असायचे आणि बाकीची पानं कोरी करकरीत.

आणि मग ते मॉडेल. अठ्ठ्याऐंशीची दहापट लहान प्रतिकृती, पितळ आणि पोलादातली. कारखान्यातले टाकाऊ तुकडे परवानगीने घरी आणून, गॅलरीत बसवलेल्या छोट्या लेथवर ते एकेक भाग कातायचे. मागचं दार खरोखर उघडायचं. नळीच्या आत दुसरी नळी, तीही तुकड्यांत, म्हणजे झिजेल तेवढाच तुकडा बदलता यावा. या युक्तीवर काका इतके लट्टू होते की पाहुण्यांना चहाआधी ती नळी उघडून दाखवायचे. फिरवायची चाकं नखाएवढी, आणि फिरवली की तोफ हळूच वळायची. हे काम मी त्यांना ओळखतो तेव्हापासून चालू होतं. पूर्ण झालं तेव्हा त्यांनी पेढे वाटले आणि मला म्हणाले, "आता एकच राहिलं. एखाद्या जर्मन माणसाने हे बघावं आणि म्हणावं, बरोबर आहे. आपल्या लोकांनी वाहवा केली, पण त्यांना काय कळतंय? आयुष्यात एकदा एका जर्मनाने 'करेक्ट' म्हणावं, मग मी मिरजेला जायला मोकळा."

जर्मन व्यक्ती कारखान्यात एकच होती. क्वालिटीच्या हाना मॅडम. साठीच्या, उंच, केस बारीक कापलेले. नापास झालेल्या मालावर त्या लाल चिठ्ठी लावायच्या, ती उचकटायची कुणाची हिंमत नव्हती. काका त्यांना फार मानायचे आणि तितकेच घाबरायचे. तोफेचा विषय त्यांच्यापुढे काढायचं धाडस त्यांना कधी झालं नाही. कामाखेरीज मॅडम बोलायच्या नाहीत. त्या निवृत्त होऊन मायदेशी जाणार असं कळलं आणि काकांनी गाडीतच जाहीर केलं, "मॉडेल मॅडमना द्यायचं. सेंड-ऑफला."

मी म्हणालो, "काका, तुमचं एवढ्या वर्षांचं काम?"

"अरे, त्यांच्या देशाची वस्तू त्यांच्या देशी गेली पाहिजे."

यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. काकूंना नाही, एचआरला नाही, कुणालाच नाही. आपल्याकडे पद्धतच ती. पाहुणा कोल्हापूरचा असला की आपण तांबड्या रश्श्याबद्दल बोलतो, नागपूरचा असला की संत्र्यांबद्दल. जर्मन असला की जर्मन इंजिनिअरिंग! ऐकून तो फुलणारच, अशी आपली बालंबाल खात्री. काकूंनी पैठणीच्या काठाची शाल आणली, नारळ आणला. मॉडेल गाडीतून नेताना ते मांडीवर धरून मीच बसलो होतो.

कँटीनमध्ये टेबलं सरकवून कार्यक्रम होता. केक झाला, भाषणं झाली. मग काका उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. मॅडमना शाल घातली, नारळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि चक्क हसल्या. काकांनी पाठ केलेलं इंग्रजी भाषण सुरू केलं: मॅडम, तुमच्या देशाने जगाला दिलेली सर्वोत्तम वस्तू मी माझ्या हाताने बनवली आहे. स्टोअरचे युसुफभाई मागून ओरडले, "यल्ला बिवलकर साब, पर्दा हटाओ!" काकांनी कापड ओढलं. पितळ झगमगलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या झाल्या, सगळ्यांचे मोबाइल वर आले.

मॅडम हसत नव्हत्या. चेहऱ्यावरचा रंग उतरणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. त्या वाकल्या, चष्मा नाकावर सारला आणि बराच वेळ बघत राहिल्या. काकांना वाटलं, तपासताहेत. ते उत्साहाने म्हणाले, "मॅडम, प्लीज, एव्हरीथिंग इज वर्किंग. रोटेट द व्हील." मॅडमनी एक बोट त्या नखाएवढ्या चाकावर ठेवलं आणि फिरवलं. तोफ वळली. त्यांनी अजून फिरवलं. मग हात तसाच हवेत वर घेतला आणि हवेत फिरवला, गोल, गोल, एकाच लयीत. टाळ्या थांबल्या.

"कॉफी," त्या म्हणाल्या.

कुणीतरी धावत कॉफी आणायला निघालं. मॅडमनी मान हलवली आणि हळू, मोजक्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. त्यांचे वडील म्हातारपणी जेवायच्या टेबलावर बसले की त्यांचा उजवा हात टेबलाखाली असा फिरत राहायचा. तासन् तास. डॉक्टर म्हणाले, वय झालं. घरात सगळे म्हणायचे, आजोबा कॉफी दळताहेत. नातवंडं त्यांची नक्कल करायची, मॅडम स्वतःही हसायच्या. पंधराव्या वर्षी वडिलांना शाळेतून उचलून अशा तोफेवर बसवलं होतं, एवढंच घरात ठाऊक होतं. सगळा वर्ग नेला होता. त्यावर ते आयुष्यात बोलले नाहीत. बहिरे होते, त्यामुळे कुणी फार विचारलंही नाही.

"म्हणजे ते हे करत होते," मॅडम म्हणाल्या. बोट अजून चाकावर होतं. "आणि आम्ही हसत होतो."

काहीतरी बोलायला हवं म्हणून की काय, काकांनी विचारलं, "ते बहिरे... आवाजाने?"

"वडील गेल्यावर त्यांचा एक सोबती सांगून गेला. नळी फुटली. शेवटच्या दिवसांत. त्यांच्या वर्गातली दोन मुलं बाजूलाच उभी होती. ती गेली."

आणि तेव्हा काकांनी जे विचारलं, ते आठवलं की आजही मला घाम फुटतो. सवयीनेच विचारलं त्यांनी. टूलरूमचा माणूस दुसरं काय विचारणार? ते म्हणाले, "पण मॅडम, त्या प्रकारच्या तोफेत आतली नळी बदलता येते. झिजलेली वेळेवर बदलली असती, तर..."

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. "आतल्या नळ्या संपल्या होत्या, मिस्टर बिवलकर. मुलं शिल्लक होती."

त्यांनी नारळ टेबलावर ठेवला, शाल घडी करून त्याशेजारी ठेवली आणि त्या बाहेर गेल्या. युसुफभाई पुटपुटले, "खलास." माणसं एकेक करून कामाला लागली. केक तसाच राहिला. मी आणि काका मॉडेल पुन्हा कापडात गुंडाळून गाडीत ठेवत होतो, तेव्हा काकांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडी मीच चालवली.

त्यानंतर गाडीत तोफ नाही. वाहतूक तुंबली की तुंबलेली. मी सीलांबद्दल काहीतरी काढून पाहिलं, काकांनी "हं" केलं. एका सकाळी अल बर्शाच्या पुढे त्यांनी एकदम विचारलं, "तुझी सई केवढी आता?"

"पंधरा पूर्ण होतील."

त्यांनी नजर समोरच्या रस्त्यावर धरली ती कारखाना येईपर्यंत. काकू मला म्हणाल्या, "रात्री पुस्तकं वाचतात. ती दुसरी पानं." 'ती दुसरी पानं' म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला होता.

मॅडम आठवड्याभराने करामात आल्या. न सांगता, जिना चढून. मी योगायोगाने काकांकडेच होतो. काका ताडकन उभे राहिले आणि हात जोडले. सेंड-ऑफच्या वेळी पाठ केलेलं इंग्रजी होतं, आता एकही शब्द सापडेना. "मॅडम... सॉरी... आय डिड नॉट..." पुढे मराठीच आलं, "मला काही माहीत नव्हतं हो," आणि डोळे भरले. काकूंनी थालीपीठ आणि लोणी पुढे ठेवलं. मॅडमनी ते सगळं खाल्लं, आणि मग म्हणाल्या की त्या चिडून गेल्या नव्हत्या. त्यांच्या घरी या तोफेचं चित्रसुद्धा नव्हतं, त्या काळाचा त्यांना अभिमान नाही, आणि ही वस्तू घरात ठेवणं त्यांना जमणार नाही. पण एक विचारायचं होतं. ते चाक आणि ती बैठक, तेवढंच मिळेल का?

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. त्या चाकाविना तोफ जागची हलणार नव्हती. एवढ्या वर्षांचं काम, आणि त्याचा प्राणच त्या मागत होत्या. काकांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. ड्रॉवरमधून घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर काढला, मॉडेल समोर घेतलं, चाक सोडवलं, बैठक सोडवली. मऊ कापडाने पुसली आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली. मॅडमनी बैठक डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"करेक्ट," त्या म्हणाल्या.

या एका शब्दासाठी हा माणूस निम्मं आयुष्य थांबला होता. मला वाटलं, आता तरी चेहरा उजळेल. काकांनी फक्त मान खाली घातली. मॅडम गेल्या, तेव्हा त्यांना पोचवायला ते जिन्याखालपर्यंत गेले.

पुढच्या मार्चमध्ये काकांचीही निवृत्ती आली. घर आवरताना मी मदतीला गेलो तर मॉडेल कुठे दिसेना. विचारलं, तर म्हणाले, "सोडवलं." दर शुक्रवारी बसून त्यांनी ती तोफ सुटी केली होती, सगळी, शेवटच्या पिनेपर्यंत. स्क्रू आणि स्प्रिंगा टूलरूमच्या कप्प्यांत मापानुसार टाकल्या, पितळ भट्टीत गेलं. मी हबकलोच. "काका, निदान फोटो तरी?" ते म्हणाले, "कशाला? ड्रॉइंगं जगभर आहेत." आणि पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला लागले.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. काकू ट्रॉली ढकलत पुढे झाल्या. काका मागे राहिले, माझा हात हातात घेतला. मी तयारीतच होतो. ते काहीतरी गंमत करतील, सीलं तपास म्हणतील, मी हसेन, असं मनात जुळवून ठेवलं होतं.

ते म्हणाले, "बारा वर्षं तू माझ्या शेजारी बसून ऐकलंस. हुशार आहेस, भरपूर प्रश्न विचारलेस. मला एकदा तरी विचारायचंस ना रे, की त्या बैठकीवर बसायचं कोण?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि काकूंच्या मागे आत निघून गेले.